पिसांच्या फुलाचा हट्ट: शौक की शहाणपण?

१/ ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या बॅडमिंटन सभागृहांत एक तक्रार हमखास ऐकू येते. नायलॉनचे फूल कित्येक संध्याकाळी पुरते; पिसांचे फूल चुरशीच्या एका गेमलाही पुरेल याचा भरवसा नसतो. तरीही प्रशिक्षक आणि जाणते खेळाडू पिसांनाच धरून बसतात. मग निष्कर्ष तयारच असतो: जुन्याचा मोह, किंवा पैशाचा माज. हा निष्कर्ष चुकीचा आहे. का, ते या धाग्यात. #बॅडमिंटन #क्रीडाइतिहास

२/ आरंभ जुन्याच्या मोहापासूनच करावा. बॅडमिंटनपटू खरोखर जुन्याला कवटाळणारे असते, तर आज लाकडी रॅकेटी दिसल्या असत्या. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. त्यांची पिढी लाकडी रॅकेटीवर वाढली.

३/ ती रॅकेट दमट हवेत वाकू नये म्हणून खेळ आटोपला की लाकडी चौकटीत स्क्रूने आवळून ठेवावी लागे. पुढे पोलादी दांडी आली, मग अॅल्युमिनियमची चौकट, मग कार्बन तंतूंची अखंड रॅकेट. प्रत्येक टप्प्यावर खेळाडूंनी जुनी रॅकेट निःसंकोच माळ्यावर टाकली. लाकडाच्या स्मृतीने कोणी कंठ दाटून घेतला नाही. ज्यांनी रॅकेट इतक्या सहज बदलली, तेच लोक फूल मात्र बदलू देत नाहीत. मोहाचा आरोप इथेच कोसळतो. मोह निवडक नसतो. विचार निवडक असतो.

४/ ताडून पाहण्यासाठी एक परदेशी उदाहरण घ्यावे. गोल्फमध्ये ‘वेज’ नावाची काठी असते. गवतातून किंवा वाळूतून चेंडू उंच उचलून थोड्या अंतरावर अलगद टाकणे हे तिचे काम. तिच्या पात्यावर आडव्या खाचा असतात. खाच जितकी खोल आणि धारदार, तितकी चेंडूला फिरकी अधिक. १ जानेवारी २०१० पासून गोल्फच्या नियामक संस्थांनी वरच्या पातळीच्या स्पर्धांत या खाचांच्या आकारावर आणि धारेवर नवी मर्यादा घातली. हौशी खेळाडूंना जुन्या काठ्या निदान २०२४ पर्यंत वापरण्याची मुभा ठेवली.

५/ परिणाम उघड होता. उंच गवतातून फिरकी देण्याच्या बाबतीत जुनी वेज नव्या वेजपेक्षा सरस ठरली. फिल मिकलसनने २०१० च्या आरंभीच एका स्पर्धेत पिंग आय-२ ही वेज बाहेर काढली. १ एप्रिल १९९० पूर्वी बनलेल्या या काठ्यांना जुन्या न्यायालयीन तडजोडीने संरक्षण होते. एका सहखेळाडूने थेट ‘फसवणूक’ हा शब्द उच्चारला. शेवटी मार्चमध्ये उत्पादकाने स्वतःच ते संरक्षण सोडून दिले. या सगळ्या वादात जुन्या दिवसांची हळहळ कुठेही नव्हती. जुनी वस्तू असे काही करत होती जे नवी करत नव्हती, एवढाच मुद्दा होता.

६/ म्हणून ‘जुने की नवे’ हा प्रश्नच आळशी आहे. विचारायचे ते असे: वस्तू बदलली की खेळ तोच राहतो का? वेजच्या बाबतीत नियम बदलून खेळ थोडा बदलला गेला आणि तो निर्णय उघडपणे घेतला गेला. बॅडमिंटनच्या फुलाच्या बाबतीत मात्र खेळ मूकपणे बदलला जातो. बदलणारा असतो खरेदीचा कागद, आणि भोगणारे असतात दहा-बारा वर्षांचे मूल.

७/ फूल बदलल्यावर काय होते, याचा पुरावा भारताच्याच इतिहासात आहे. १८७० च्या दशकात ब्रिटिश लष्करी अधिकारी पुण्याच्या छावणीत हा खेळ खेळत. त्या काळी त्याला ‘पूना’ असेच नाव होते. पुढे इंग्लंडमधील ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या बॅडमिंटन हाउसवरून आजचे नाव रूढ झाले. १८९३ मध्ये इंग्लंडची बॅडमिंटन संघटना स्थापन झाली आणि नियमांना एकसूत्रीपणा आला. पिसांचे फूल त्याआधीपासून होते आणि नंतरही राहिले.

८/ पण भारतात एक दुसरी वाटही फुटली. उघड्यावर, वाऱ्यात पिसांचे फूल भरकटते. तेव्हा लोकरीचा चेंडू वापरला जाऊ लागला. दक्षिणेत, विशेषतः तंजावरच्या परिसरात, तो रुजला. त्यातून काय निपजले? बॅडमिंटनची स्वस्त आवृत्ती नव्हे. निपजला ‘बॉल बॅडमिंटन’ हा वेगळा खेळ: २४ मीटर लांब व १२ मीटर रुंद मैदान, एका बाजूला पाच खेळाडू, २७ ते ३० ग्रॅमचा लोकरी चेंडू, स्वतंत्र नियम, स्वतंत्र महासंघ.

९/ हा इतिहास बोलका आहे. जाळे होते, रॅकेट होती, हवेत मारण्याची पद्धतही होती. बदलली ती फक्त मारायची वस्तू, आणि तिच्यामागोमाग मैदानाचे माप, खेळाडूंची संख्या आणि डावपेच सगळे बदलले. बॉल बॅडमिंटनच्या लोकांनी प्रामाणिकपणे आपल्या खेळाला वेगळे नाव दिले. नायलॉनचे फूल वापरणारे तेवढा प्रामाणिकपणा दाखवत नाहीत. ते दुसराच खेळ शिकवतात आणि नाव बॅडमिंटनचेच सांगतात.

१०/ ‘दुसराच खेळ’ ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर फुलाची रचना पाहावी. तळाशी बूच, त्यावर पातळ कातडे. त्यात रोवलेली १६ पिसे, हंसाची किंवा बदकाची. पिसे एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात, कारण प्रत्येक पीस शेजारच्यावर एकाच दिशेने चढलेले हवे. एका पक्ष्याकडून कामाची पिसे मोजकीच मिळतात. दोऱ्याने व सरसाने ती बांधली जातात. तयार फुलाचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅमच्या दरम्यान. पाच ग्रॅमची ही वस्तू म्हणजे या खेळाचा आत्मा.

११/ कारण तिचे उड्डाण जगातल्या कुठल्याच चेंडूसारखे नाही. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशची २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर अशी विक्रमी नोंद झाली. पण तो वेग रॅकेटवरून सुटतानाचा. पिसांच्या घेरावर हवेचा रोध इतका बसतो की पुढच्या काही क्षणांतच फूल मंदावते, आणि उंचावरून पडताना तर ताशी जेमतेम २४-२५ किलोमीटरवर स्थिरावते. उंच फटक्याचे फूल शेवटी जवळजवळ सरळ खाली उतरते. बॅडमिंटनचा सारा डावपेच या अचानक मरणाऱ्या वेगावर उभा आहे.

१२/ नायलॉनचा घेर लवचीक असतो. जोराच्या फटक्यात तो आत चेपला जातो, हवेचा रोध घटतो, आणि फूल अपेक्षेपेक्षा लांब व सपाट जाते. पिसांचा घेर ताठ राहतो. फटका बसताच फूल झटकन उलटून बुचाची बाजू पुढे करते. जाळ्याजवळचा नाजूक गिरकीचा फटका, मागच्या रेषेवर मरणारा उंच फटका, कापून टाकलेला ड्रॉप: हे तिन्ही फटके या गुणांवर जगतात. पिसे एकमेकांवर चढलेली असल्याने फूल उडताना स्वतःभोवती फिरते, म्हणून उजवीकडून दिलेला काप आणि डावीकडून दिलेला काप यांचे फळ सारखे येत नाही. जाणता खेळाडू हा भेद मनगटात साठवतो.

१३/ आणखी एक गोष्ट, जी फक्त प्रशिक्षकांच्या ध्यानात येते. पिसांचे फूल चूक लपवत नाही. रॅकेटची कड लागली की पीस मोडते. फटका नीट बसला की आवाजच वेगळा येतो. नायलॉन सगळे पोटात घालते. वाईट फटकाही पलीकडे जातो, फूल शाबूत राहते, आणि शिकणाऱ्याला आपले चुकले हे कळतच नाही. ज्याला टिकाऊपणा म्हणून वाखाणले जाते, तो शिक्षणाच्या दृष्टीने बहिरेपणा आहे.

१४/ येथे प्रतिपक्ष म्हणेल: नियमांत तर कृत्रिम फूल चालते. चालते, हे खरे. पण नियम पुढे काय सांगतो, ते कोणी वाचत नाही. फूल नैसर्गिक वा कृत्रिम कोणत्याही पदार्थाचे असो, त्याचे उड्डाण सामान्यतः कातड्याने मढवलेल्या बुचाच्या पिसांच्या फुलासारखेच असले पाहिजे, अशी अट त्यात आहे. पदार्थाच्या गुणधर्मांतील फरकामुळे कृत्रिम फुलाच्या मापांत व वजनात दहा टक्क्यांपर्यंत सूट आहे. पण कसोटी पिसाचीच. म्हणजे नियमानेच पिसाला मापदंड ठरवले आहे. नायलॉन उमेदवार आहे, परीक्षक नव्हे.

१५/ या मापदंडाचे रक्षण नियमांनी वेळोवेळी केले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी मलेशियाच्या सिदेक बंधूंनी पिसांवर आघात करून फूल वेडेवाकडे उडवणारी सर्व्हिस आणली. तिच्यावर बंदी आली. सर्व्हिस करताना रॅकेट प्रथम बुचालाच लागली पाहिजे असे ठरले. २०२३ मध्ये सर्व्हिसपूर्वी बोटांनी फूल फिरवून सोडण्याची नवी युक्ती आली. तिलाही जागतिक महासंघाने त्याच वर्षी रोखले. दोन्ही वेळा तत्त्व एकच होते: फुलाचे स्वाभाविक उड्डाण विस्कटले की खेळ विस्कटतो.

१६/ वेगाची परीक्षाही अशीच काटेकोर आहे. मागच्या रेषेवरून पूर्ण ताकदीने खालून वर फटका मारला, तर योग्य वेगाचे फूल समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३० ते ९९० मिलिमीटरच्या पट्ट्यात पडले पाहिजे. हवा विरळ किंवा तापलेली असेल तर फूल लांब जाते, म्हणून पिसांच्या डब्यांवर वेगाचे आकडे असतात. समुद्रसपाटीलगतच्या ठाण्यात नीट पडणारे फूल साडेपाचशे मीटरहून उंच पुण्यात थोडे पुढे जाते. कोरड्या हवेत पिसे ठिसूळ होतात, म्हणून खेळाडू आदल्या दिवशी त्यांना वाफ देतात. खाडीकाठच्या दमट हवेत तो त्रास कमी. एवढी बारकाई ज्या वस्तूभोवती जमली आहे, तिला शौक म्हणणे अज्ञान आहे.

१७/ आता प्रत्यक्ष भूमीवर यावे. ठाणे हे बॅडमिंटनचे गाव. १९८० ते १९८७ अशी सलग आठ वर्षे राष्ट्रीय विजेता राहिलेल्या आणि १९८८ मध्ये लखनौत हत्या झालेल्या सय्यद मोदींचे नाव ठाणे महापालिकेच्या बॅडमिंटन प्रशिक्षण योजनेला दिलेले आहे. एका महापालिकेने खेळाडूच्या स्मृतीला पुतळ्याऐवजी प्रशिक्षणाचे रूप द्यावे, ही गोष्ट महाराष्ट्रात विरळा. कल्याण आणि डोंबिवलीची मुले पहाटेची लोकल पकडून सरावाला जातात, आणि संध्याकाळच्या गर्दीत रॅकेटीची पिशवी छातीशी धरून परततात.

१८/ या मुलांपुढचे वास्तव असे. राज्य आणि राष्ट्रीय मानांकन स्पर्धा पिसांच्या फुलाने होतात. घराजवळच्या वर्गात मात्र खर्च वाचवण्यासाठी नायलॉन वापरले जाते. मूल तीन-चार वर्षे एका उड्डाणाची सवय लावून घेते आणि स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्याच उड्डाणापुढे उभे राहते. फूल जिथे येईल असे त्याचे पाय सांगतात, तिथे ते येत नाही. पहिल्या फेरीत हरून ते घरी येते आणि घरचे म्हणतात, ‘गुणवत्ताच कमी पडली.’ गुणवत्ता कमी पडलेली नसते. तिला चुकीच्या वस्तूवर घडवलेले असते.

१९/ खर्चाचा आक्षेप खोटा नाही, आणि तो उडवून लावणे अन्याय ठरेल. स्पर्धेच्या दर्जाच्या डझनभर पिसांच्या फुलांचा डबा हजार रुपयांच्या पुढेच जातो. नोकरदार घराला, त्यात दोन मुले खेळणारी असली तर, हा भार जाचक आहे. पण या वस्तुस्थितीतून काढला जाणारा निष्कर्ष तपासावा. ‘पीस महाग आहे, म्हणून नायलॉनही चालते’ असे म्हटले जाते. महागाईवरून चालण्या-न चालण्याचा निर्णय होत नसतो. प्रश्न पैशाचा असेल तर उत्तरही पैशाचे हवे. खेळाची व्याख्या सैल करणे हे उत्तर नव्हे.

२०/ कारण व्याख्या सैल होते ती फक्त एका वर्गासाठी. ज्याच्या घरी पैसा आहे, त्याचे मूल पिसांवरच शिकते. ज्याच्या घरी नाही, त्याच्या मुलाला ‘आजकाल नायलॉनही चांगले येते’ असे सांगून समजूत काढली जाते. हा आधुनिकतेचा विजय मुळीच नाही. जुनी विषमता नव्या प्लास्टिकच्या वेष्टनात पुढे केली जाते, एवढेच. पिसांचा आग्रह धरणाऱ्याला श्रीमंतांचा वकील ठरवणारे लोक नकळत त्याच श्रीमंतांची मक्तेदारी पक्की करतात.

२१/ दुसरा आक्षेप पक्ष्यांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. पिसांसाठी हंस-बदके लागतात. त्यांना कसे वागवले जाते हा प्रश्न योग्यच आहे. पुरवठ्याचे केंद्र चीनमध्ये असल्याने परावलंबनही आहे. भारतात हावडा जिल्ह्यातील उलुबेरियात बदकाच्या पिसांची फुले बनवणारी कारागिरांची वस्ती आहे, पण आयात मालापुढे आणि पिसांच्या टंचाईपुढे तो धंदा खंगत गेला. पिसांची बाजू घेणाऱ्याने या गोष्टींकडे डोळेझाक करू नये.

२२/ उत्तर इतकेच, की आग्रह पिसाचा नसून उड्डाणाचा आहे. जागतिक महासंघाने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले की कृत्रिम पिसांची फुले २०२१ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वापरता येतील. ही फुले नायलॉनच्या अखंड घेराची नसून पिसासारखीच रचलेली असतात. तरीही २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक खऱ्या पिसांवरच खेळले गेले. ज्या दिवशी कृत्रिम पीस मनगटाला आणि पायांना फरक कळू देणार नाही, त्या दिवशी हंसांना खुशाल मोकळे करावे. लाकडी रॅकेट जशी गेली तसे पीसही जाईल, आणि कोणी अश्रू ढाळणार नाही. मात्र ‘आता जवळपास तसेच आहे’ या विक्रेत्याच्या बोलीवर तो दिवस उजाडल्याचे मानू नये.

२३/ नायलॉनची जागाही मान्य करावी. घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलातील उघडे कोर्ट, डोंबिवलीतल्या इमारतीची गच्ची, थंडीच्या रात्री दोन खांबांना बांधलेले जाळे: तिथे वारा असतो, जमीन खडबडीत असते, आणि हेतू गंमतीचा असतो. तिथे पिसे उधळणे हाच मूर्खपणा. नायलॉनने लाखो हातांत रॅकेट दिली, हे त्याचे ऋण आहे. तक्रार त्याच्या असण्याबद्दल नाही. प्रशिक्षणाच्या सभागृहात शिरून ते पिसाचे सोंग आणते, तक्रार त्याची आहे.

२४/ उपाय अवघड नाहीत. सामन्यात एकदोन पिसे दुखावलेले फूल टाकून न देता फटक्यांच्या एकसुरी सरावासाठी जपावे. जाणती केंद्रे हे करतातच. शाळा, मंडळे आणि छोटे वर्ग यांनी एकत्र घाऊक खरेदी करावी. स्पर्धांच्या आयोजकांनी वापरलेली फुले गरजू केंद्रांना द्यावीत. आणि सार्वजनिक पैशातून सभागृह बांधताना लादी, दिवे आणि उद्घाटनाचा मंडप यांच्या जोडीला दरवर्षीच्या फुलांचीही तरतूद अंदाजपत्रकात असावी. ग्रंथालय बांधून पुस्तके न घेण्यासारखाच प्रकार आज सर्रास होतो.

२५/ सारांश. जुन्या वेजला चिकटलेला गोल्फपटू आणि पिसांचा आग्रह धरणारा ठाण्याचा प्रशिक्षक यांना एका शब्दात ‘जुनाट’ म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण दोघेही एकच व्यवहारी प्रश्न विचारत असतात: नवी वस्तू काय देते आणि त्या बदल्यात काय काढून घेते? रॅकेटीने दिले आणि काही काढून घेतले नाही, म्हणून ती बदलली. नायलॉन काटकसर देते आणि खेळच काढून घेते. कल्याणहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलीला या व्यवहाराचा हिशेब कोणी दिलेला नाही. तो तिला मिळाला पाहिजे, आणि त्याबरोबर पिसांचे एक फूलही. (समाप्त)